पासिंगवाले नाना

लिफ्टमध्ये सातवा माणूस शिरला की आमच्या इमारतीत अजूनही कुणीतरी म्हणतं, "नाना असते तर?" आणि सातवा माणूस ओशाळं हसत बाहेर पडतो. नाना जाऊन वर्ष व्हायला आलं, पण कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत हा एक कायदा ते करून गेले. लिफ्टमधल्या पाटीवर सहा माणसं लिहिलीत, म्हणजे सहा. त्यात जाड कोण, बारीक कोण, ही चर्चा नाही. एकदा गणपतीच्या आरतीला उशीर होत होता आणि आमचे सेक्रेटरी प्रसादाचं पातेलं घेऊन भरलेल्या लिफ्टमध्ये घुसले. नाना आत होते. सेक्रेटरी म्हणाले, "नाना, एका माणसानं काय होतंय?" नाना म्हणाले, "काय हुतंय ते बगायला मी हितं थांबनार न्हाय. तुमी ऱ्हावा, मी उतरतो." आणि खरंच काठी टेकत बाहेर आले. नानांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. असा माणूस जिन्याकडे निघालेला बघून कोण लिफ्टमध्ये उभं राहील? सेक्रेटरी पातेल्यासकट जिन्याने गेले.

नानांचं नाव शंकर जाधव. गाव कोरेगाव तालुक्यात, ट्रक स्वतःचा, आणि उभी हयात आलं, कांदा, घेवडा भरून वाशीच्या मार्केटला आणण्यात गेलेली. आरटीओने पासिंग करताना ट्रकला जेवढं वजन मंजूर केलंय त्याच्यावर एक पोतंही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या धंद्यात हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून 'मला फक्त वरणभात वाढा' म्हणण्यासारखं होतं. बाकीच्या गाड्या पार कमरेत वाकून चाललेल्या असायच्या आणि नानांची गाडी ताठ. मार्केटमधल्या माथाडींनी त्यांना 'पासिंगवाले' म्हणायला सुरुवात केली. चिडवायला म्हणूनच केली, पण नानांनी ते नाव पदवीसारखं लावून घेतलं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा दारातच म्हणाले, "मी खालच्या मजल्यावरचा पासिंगवाला जाधव." मला वाटलं, आरटीओत एजंट असतील.

कुठल्याही गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायची आणि प्रत्येक टायरवर काठीने ठोका मारून कान तिरका करायचा, ही त्यांची दुसरी सवय. ट्रक असो, कुणाच्या लग्नाला ठरवलेली बस असो, नाहीतर रिक्षा. एकदा मला खांदेश्वर स्टेशनला जायचं होतं आणि नानांना त्याच बाजूला दवाखान्यात, म्हणून आम्ही एकच रिक्षा थांबवली. नानांनी ठोके मारले आणि म्हणाले, "मागचं डावं बसलंय. आदी हवा भर, मग बसतो."

"ओ काका, टेन्शन नका घेऊ. रोज फिरतोय मी."

"रोज फिरतूयास म्हणूनच बसलंय."

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. शेवटी पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा भरली, मला ऑफिसला उशीर झाला आणि खोटं कशाला सांगू, नानांचा चांगलाच राग आला. हवा भरल्यावर रिक्षा आधी चालायची तशीच चालली. फरक फक्त नानांच्या चेहऱ्यावर पडला होता. मांडीवर काठी आडवी ठेवून ते लग्नातल्या वरबापासारखे बसले होते.

पण मला गाडी चालवायला त्याच माणसाने शिकवलं. क्लासवाल्याने मला तीन आठवड्यांत लायसन्स काढून दिलं होतं, गाडी तेवढी चालवता येत नव्हती. तेव्हा नानांचा पाय शाबूत होता. ते रविवारी मला द्रोणागिरीच्या बाजूला घेऊन जायचे. तिथले रस्ते रुंद, रविवारी रिकामे, दोन्हीकडे कंटेनरच्या उतरंडी. पहिला अख्खा रविवार त्यांनी मला फक्त रिव्हर्समध्ये फिरवलं. "फुडं सगळ्यास्नीच जाता येतं," एवढंच म्हणाले. नंतर मी चालवत असताना शब्द नाही. चुकलं तरी ओरडणं नाही, की 'अगं अगं' नाही. माझं काही फारच बिनसलं तर त्यांचा उजवा हात हळूच हँडब्रेकवर येऊन बसायचा आणि मला घाम फुटायचा. त्या हाताला मी जेवढी घाबरले तेवढी पुढे एकाही साहेबाला घाबरले नाही. आणि गाडीत इतकं सुरक्षितही मला पुन्हा कुणाच्या शेजारी वाटलं नाही, यात माझ्या नवऱ्यानं काही मनाला लावून घेऊ नये.

पुढे शुगरने पाय नेला. क्लच दाबणारा पाय गेला म्हणजे ट्रक गेलाच. नानांनी तो विकला आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. आमच्या इमारतीतून सायन-पनवेल हायवेचा आवाज येतो. नाना डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच पुटपुटायचे, "वरनं भरलीया," "ह्याचा सायलेन्सर गेला," "ह्यो झोपंत चालवतूय." मालनकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा जिन्यात म्हणाल्या, "अगं, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत बसत्यात. माज्याशी बोलत न्हाईत, जेवताना पन कान भाईर."

यावर इलाज सचिनने काढला. सचिन त्यांचा मुलगा, बंगळुरूला नोकरीला. कॉलेजात असताना गेम खेळायला म्हणून जुळवून घेतलेला त्याचा मोठा कॉम्प्युटर इथेच हॉलमध्ये धूळ खात पडला होता. सुट्टीत आला तेव्हा त्याने त्यावर ट्रक चालवायचा एक गेम टाकला, स्टिअरिंग आणून टेबलाला जोडलं, पेडलं पायाशी ठेवली. कुणा हौशी लोकांनी आपल्याकडच्या रस्त्यांचा नकाशा बनवून त्या गेमसाठी फुकट ठेवलाय, तोही टाकला. नाना पहिले दोन दिवस त्याच्याकडे ढुंकून बघेनात. तिसऱ्या दिवशी बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "क्लच कुटं हाय?" सचिन म्हणाला, क्लच लागत नाही, ऑटोमॅटिक आहे. "मग ही गाडी न्हाय," म्हणून उठायला लागले. शेवटी सचिनने स्टिअरिंगच्या मागची एक पट्टी क्लच म्हणून लावून दिली. बोटाने क्लच दाबायचा, हा प्रकार नानांना आधी नामुष्कीचा वाटला, मग जमला, आणि मग ते खुर्चीवरून उठेनात.

त्यांचा खेळ बघायला मजा यायची. गेममध्ये गाडी सुरू करायच्या आधी ते ड्रायव्हर खाली उतरल्यासारखा कॅमेरा फिरवून ट्रकभोवती पूर्ण चक्कर मारायचे. खोट्या सिग्नलला थांबायचे. गेममध्ये कसल्याही वजनाचा माल मिळायचा, पण हे गाडीच्या क्षमतेत बसणाराच उचलायचे. वाटेत ढाबा लागला की गाडी बाजूला घेऊन "मालन, च्या!" अशी हाक जायची आणि काकू खरा चहा आणून द्यायच्या. पुढेपुढे काकूच शेजारी स्टूल टाकून बसायला लागल्या आणि गाडी मागे घेताना "आन दे, आन दे, बास!" करायला लागल्या. मी विचारलं, "काकू, तुम्ही क्लीनर झालात?" तर म्हणाल्या, "बायको म्हणून शेजारी बसवलं न्हाई कदी, क्लीनर म्हणून तर बसू दे."

माझं काम कॉम्प्युटर सपोर्टचं, बेलापूरच्या एका ऑफिसात. त्यामुळे सचिनची ती पेटी रुसली की नाना मला बोलवायचे, आणि त्यातूनच मी हसनभाईंच्या प्रकरणात ओढले गेले.

हसनभाई म्हणजे नानांचे जोडीदार ड्रायव्हर. उरणच्या बाजूचे कोकणी मुसलमान, आता करंजाड्याला मुलीकडे राहतात. नानांच्या ट्रकवर हे दोघं वीसेक वर्षं होते, एक चालवणार आणि दुसरा सीटच्या मागच्या फळीवर झोपणार. वाटणी ठरलेली होती. गावापासून खंडाळ्यापर्यंत आलटून पालटून, बोरघाट उतरायचा तो नानांनी, आणि खालती खोपोली आली की गाडी हसनभाईंची, थेट मार्केटपर्यंत. भरलेली गाडी जुन्या घाटाने उतरवणं हे सगळ्यात जोखमीचं काम, ते नानांनी कधीच सोडलं नाही. आणि नाना स्टिअरिंगवर आहेत म्हटल्यावर हसनभाई बिनघोर झोपायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात हसनभाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. त्याआधी ते नानांना भेटायला आले. मी तिथेच होते, सचिनच्या जुन्या प्रिंटरशी झटापट करत. वाळलेला माणूस, पांढरीशुभ्र दाढी, चार पावलं चालले की थांबून श्वास घ्यायचे. नानांनी त्यांना कौतुकाने गेम दाखवला. हसनभाई बघत राहिले आणि म्हणाले, "शंकर, ह्याच्यात घाट हाय काय रे?"

"हाय की. बोरघाट हाय. दोन वळणं चुकलीत, पर हाय."

"मना दाखव. इतकी वर्सं घाटातना आलो, पन मना घाट कंदी दिसलाच नाय. मी तं झोपलेला. मेलो तं मेलो रे, पन घाट बघायचा राहिला असा नको."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "चाचा, खोपोली इथून किती लांब आहे? मी नेते की गाडीतून, पायथ्यापासून वर आणि परत."

हसनभाई हसले. "तू नेलास तं तो तुजा घाट, बेटी. मना शंकरचा बघायचा हाय."

 खुर्ची सरकवून नानांनी हसनभाईंना शेजारी बसवलं आणि गाडी खंडाळ्याला आणली. पण सचिनचा कॉम्प्युटर आता म्हातारा झाला होता. सपाट रस्त्यावर ठीक चालायचा. घाटात मात्र झाडं, दऱ्या, वळणावळणाला समोरून येणाऱ्या गाड्या, हे सगळं एकदम पडद्यावर आलं की त्याला दम लागायचा. चित्र अडखळायचं, थांबायचं आणि मग उडी मारून पुढे जायचं. आम्हाला त्याचं फार काही वाटायचं नाही. हसनभाईंना दुसऱ्याच वळणावर गरगरलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, नानांचा दंड धरला आणि म्हणाले, "थांबव रे, उलटी व्हईल." काकूंनी लिंबूपाणी दिलं. जाताना हसनभाई हसून म्हणाले, "माज्या नशिबात डोळे मिटूनच हाय तो घाट." ते हसले, पण नाना हसले नाहीत. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, मधे फक्त एक रविवार मोकळा होता, आणि त्या रविवारी हसनला परत बोलवायचं, हे नानांनी तिथल्या तिथे ठरवलं.

सचिनला फोन लावला. तो म्हणाला, नवीन कॉम्प्युटरच पाठवतो. नाना म्हणाले, "नवी गाडी पयल्यांदा घाटात न्यायची नसती." मग सचिन म्हणाला, ठीक आहे, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू. मी नानांना समजावून सांगितलं, कारण मला वाटलं ते लगेच नाही म्हणतील आणि विषय संपेल. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं इंजिन. कंपनी त्याला एक वेग ठरवून देते. काही प्रोसेसर त्याहून जास्त वेगाने पळवता येतात, आतल्या सेटिंगमधून. गेम खेळणारी पोरं सर्रास करतात. चित्र अडखळायचं थांबतं, पण प्रोसेसर तापतो, कधी मध्येच बंद पडतो, आणि फारच ताणलं तर कायमचा जातो.

मला वाटलं, आता लिफ्टची पाटी निघणार. पण नाना चक्क विचारात पडले. मग म्हणाले, "ह्यो ओव्हरलोड न्हाय. ओव्हरलोड म्हंजी माल जास्त. हितं इंजान जास्त पळवायचंय. त्ये येगळं. करून बगू."

मी आ वासला. मालनकाकूंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सचिन व्हिडिओ कॉलवर आणि मी कीबोर्डवर, असं आम्ही ते काम केलं. वेग थोडाच वाढवला. काकूंनी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली, मी म्हटलं आत धूर जाईल, तर म्हणाल्या, "जाऊ दे, आतल्या पंख्याला पन वास येऊ दे." नानांनी पेटीभोवती चक्कर मारली, प्रत्येक वायर खेचून बघितली आणि गाडी सुरू केली.

काय सांगू, घाट जिवंत झाला. झाडं सुळकन मागे जात होती, कातळावरून पाणी पडत होतं, वळणावर समोरचा टँकर आला तोसुद्धा कसा डौलात. नानांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. त्यांचे ओठ हलत होते, बोट क्लचच्या पट्टीवर खेळत होतं. सचिन फोनमधून ओरडत होता, "बघा, बोललो ना मी, बोललो ना!" मेचा उकाडा, हॉलमध्ये एकच पंखा, आणि पेटीतला पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. नानांनी गाडी चालवता चालवता डावा हात सोडून मागच्या बाजूने पेटीला लावला. ते काही बोलायच्या आत पडदा काळा झाला.

घाटाच्या बरोबर मध्यावर, उतारावर. नानांचा उजवा पाय ब्रेकवर तसाच दाबलेला होता आणि पेटीवरचा हातही परत आणून दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं.  मग ते हळूच म्हणाले, "गेली असती."

कॉम्प्युटर काही मेला नव्हता. जास्त तापला म्हणून स्वतःच बंद झाला होता, गार झाल्यावर मुकाट सुरू झाला. सचिनचं म्हणणं, अगदी बरोबर, की प्रोसेसर गार ठेवणारा चांगला मोठा कूलर मागवू, शनिवारपर्यंत येईल, वेग किंचित खाली आणू, मग शंभर टक्के टिकेल. मी म्हटलं, शंभर टक्के? तो म्हणाला, "नव्वद तर नक्कीच." मलाही वाटत होतं की करावं. ते हलणारे डोंगर मी बघितले होते. हसनभाईंनी तेच बघावेत, असं मला मनापासून वाटत होतं.

नाना रात्री जेवले नाहीत, असं काकू म्हणाल्या. सकाळी त्यांनी मला बोलावलं. गॅलरीत खुर्चीवर बसले होते, पण त्या दिवशी हायवे ऐकत नव्हते. म्हणाले, "पोरी, त्ये होतं तसं करून टाक. आपल्याला जास्तीचं पळवायचं न्हाय."

"नाना, कूलर आला की टिकेल ते. सचिन सांगतोय ना."

"टिकंल. मलाबी वाटतंय टिकंल. एकटा आसतो तर घातली आसती बग गाडी, बंद पडली तर पडली. पर हसन शेजारी बसनार हाय. माणूस बसवून मी अंदाजावर गाडी न्हेत न्हाय."

"अहो, पण हा गेम आहे. बंद पडला तर परत सुरू करू."

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, समजावल्यासारखं. "आन् तेवड्यात त्येच्या काळजाला धसका बसला तर? त्ये परत सुरू करशील?"

मी कूलरचा विषय सोडला. मग विचारलं की अडखळण्याचं काय करायचं? हसनभाईंना परत गरगरेल. नाना म्हणाले, "गाडी तीच ठिवायची. माल उतरवायचा."

मग आम्ही दोघांनी गेमची सेटिंग उघडली आणि खरोखर एकेक पोतं खाली उतरवावं तशी एकेक गोष्ट उतरवत गेलो. सावल्या? "काड. उनात चालवू." पाऊस, पाण्याची डबकी? "काड." गवत, झाडं, घरं, रस्त्यावरची माणसं, सगळी गेली. समोरून येणाऱ्या गाड्या काढताना तर खूश झाले, म्हणाले, आयुष्यात एकदा तरी घाट मोकळा मिळाला. मी म्हटलं, नाना, सगळ्यात जास्त भार ट्रकच्या आरशांचा आहे, त्यात मागचं सगळं पुन्हा काढावं लागतं, तेवढे बंद केले तर खूप फरक पडेल. नाना एकदम ताठ झाले. "आरसं? आरसं बंद करून घाट उतरायचा? येडी का खुळी तू?" आरसे राहिले. त्याऐवजी आम्ही ढग काढले.

चालवून बघितलं. गाडी लोण्यासारखी चालली. पण पडद्यावर उरलं काय, तर एक राखाडी रस्ता, दोन्हीकडे सारवलेल्या भिंतीसारखे मातकट उतार, आणि वर कोरं निळं. सचिनने ते व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि वैतागून म्हणाला, "बाबा, मग घाट कुठाय यात? ते काय बघणार?" नाना म्हणाले, "बगू."

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला हसनभाईंची मुलगी त्यांना सोडून गेली. काकूंनी खुर्चीला उशा लावल्या होत्या. पेटीचं झाकण काढून टेबलफॅन तिच्याकडे वळवून ठेवला होता, कारण नव्वद टक्क्यांवरचा नानांचा विश्वास उडाला तो उडालाच होता. मी स्टुलावर मागे बसले, काही बिघडलं तर असावी म्हणून. नानांनी चक्कर मारली आणि गाडी खंडाळ्यातून सोडली.

हसनभाई पडद्याकडे बघत म्हणाले, "हे काय रे शंकर? डोंगराचा मुंडन केलास काय?"

नाना म्हणाले, "तू रस्त्याकडं बग. बाकीचं मी सांगतो."

आणि जो माणूस गाडी चालवताना कधी एक शब्द बोलला नाही, तो बोलायला लागला. "ह्ये बग, आता दुसरा गिअर. ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं. डावीकडं वर मान कर. त्यो सुळका दिसतूय, ती नागफणी. पावसाळ्यात तिच्या डोक्यावर ढग बसतो, उनाळ्यात काळी कुळकुळीत. हितं वळणावर एक बाई करवंदं घिऊन बसती पानाच्या द्रोणात. तिला हारन न्हाय द्यायचा, तिचं पोरगं मागं झोळीत झोपल्यालं आसतं." पडद्यावर मातकट उतार सरकत होता. हसनभाई मान वर करून नागफणी बघत होते. मी पण बघत होते, हे कबूल करायला पाहिजे. काकू तर म्हणाल्या, "करवंदं घ्यायची ऱ्हायली की वो."

चित्र एकदाही अडखळलं नाही. हसनभाईंचा हात नानांच्या दंडावर होता, पण घट्ट नव्हता. एका वळणाला नानांनी वेग कमी केला, स्टिअरिंगवरचा हात काढून कपाळाला लावला. "शिंगरोबा आला. समदे ड्रायवर हितं हात जोडत्यात." हसनभाईंनीही हात छातीशी नेला. समोर देऊळ नव्हतं की काही नव्हतं.

मग हसनभाईंनी विचारलं, "शंकर, येक सांग. येवड्या वर्सांत घाट मना येकदा पन का नाय दिलास? माजा हात कच्चा होता काय?"

नानांनी उत्तर द्यायला एक वळण घेतलं. "तुजा हात माज्यापरीस हलका. मला भ्या वाटायचं. दुसऱ्याच्या हातात गाडी दिली की माजं काळीज जाग्यावर ऱ्हात न्हाय. घाटच काय, खोपोलीफुडं तुज्या हातात देऊन मागं पडायचो, तरी कदी डोळा लागला न्हाय. एक दिवस पन न्हाय. पडून ऱ्हायचो."

"ठाऊक हाय मना," हसनभाई म्हणाले.

"तुला कसं ठाऊक?"

"तुजा घोरना खोटा होता. मना वाईट वाटू नये म्हनून घोरायचास. पन खरा घोरनारा मानूस मदेच थांबतो. तू आपला वाशीपर्यंत येका सुरात."

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नाना लाजले. साठी उलटलेला, मिशा पिकलेला माणूस इतका लाजलेला मी बघितला नव्हता. लाजतच त्यांनी शेवटची वळणं उतरवली. गाडी सपाटीवर आली आणि त्यांनी ती बाजूला घेतली. "खोपोली," ते म्हणाले. "बगितलास घाट?"

हसनभाईंनी मान हलवली.  डोळे पुसले, आणि मग म्हणाले, "चल, ऊठ. फुडं माजी गाडी."

हसनभाईंचं ऑपरेशन नीट झालं. करंजाड्याला ते आता सकाळी फिरायलासुद्धा जातात. आम्ही सगळे जीव मुठीत धरून त्यांच्याकडे बघत राहिलो आणि नाना दिवाळीच्या आत गेले, कुणाला काही कळायच्या आत. मधल्या महिन्यांत ते मला जिन्यात भेटले, लिफ्टमध्ये भेटले, माझ्या गाडीच्या टायरला काठी मारताना दिसले. पण नाना म्हटलं की मला दिसतात ते त्या रविवारचेच.

हसनभाई खुर्ची बदलून स्टिअरिंगवर बसले. त्यांना बोटाचा क्लच जमेना, गाडी दोनदा बंद पडली, मग निघाली. तासाला जेमतेम वीसच्या वेगाने, त्या उघड्याबोडक्या रस्त्यावरून पनवेलच्या दिशेने. नाना उठले आणि मागे भिंतीला लावलेल्या दिवाणावर जाऊन बसले. पाय काढून ठेवला. थोडा वेळ मान लांब करून पडद्याकडे बघत होते, हसनभाईंनी वळण जरा मोठं घेतलं तेव्हा त्यांचा उजवा हात दिवाणाच्या कडेवर आला, आणि मग तो हात सैल पडला. ते आडवे झाले. काही वेळाने त्यांचं घोरणं सुरू झालं. आधी एका सुरात, मग एकदम थांबलं, मग मोठ्याने, मग पुन्हा थांबलं. हसनभाईंनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी आरशाकडे नजर टाकली, जसं काही त्यात नाना दिसणार होते, आणि गाडी आणखी हळू केली. मालनकाकू उठल्या, त्यांनी घोरणं नीट कान देऊन ऐकलं आणि पायाशी घडी करून ठेवलेली चादर नानांच्या अंगावर घातली.